गावातल्या मंडळाने मुलांसाठी विमान-रॉकेटचा वर्ग कसा सुरू करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातल्या गावात युवक मंडळ आहे, पाचवी ते नववीच्या वीसेक मुलांसाठी दर शनिवारी विमान, रॉकेट, अवकाश असा फुकट वर्ग चालवायचा आहे, मंडळात इंजिनियर एकच, आणि एक देणगीदार ड्रोन व रोबोटचे संच घेऊन द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?

देणगीदारांना सांगा, ड्रोन पुढच्या वर्षी. यंदा त्यांच्याकडून गेज असलेला सायकलचा उभा पायपंप, 50 मीटरची मोजपट्टी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि डझनभर प्लास्टिकचे गॉगल मागा. ड्रोन एकाच्या हातात असतो, बाकी एकोणीस जण मान वर करून बघतात. बाटलीचं रॉकेट आणि पुठ्ठ्याचं विमान प्रत्येकाच्या वाट्याला येतं, मोडतं, पुन्हा जोडता येतं. आणि मुख्य म्हणजे त्यावर मोजमाप करता येतं. मोजमाप नसेल तर रॉकेट आणि चतुर्थीचे फटाके यांत फार फरक नाही, हे माझं स्पष्ट मत.

इंजिनियर एकच आहे याची काळजी करू नका. नरकासुर उभा करणारी, आकाशकंदिलाला कामट्या वाकवणारी पोरं तुमच्याकडे आहेतच. हाताचं कौशल्य तेच लागतं. रॉकेट सोडायचा लाँचर बनवायला फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातला विद्यार्थी मिळाला तर चांगलंच, पण आयटीआय झालेला फिटर किंवा गावचा प्लंबर त्याहून उपयोगी. सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि मुलांसोबत कधीही एकटं माणूस नको, किमान दोघं. पालकांची लेखी संमती आणि मैदानासाठी पंचायतीचं किंवा कोमुनिदादीचं (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं) पत्र आधी घ्या. शेतात करायचं असेल तर कापणीनंतरच्या मळ्यावर भिस्त ठेवू नका, नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे वायंगणाची, म्हणजे दुसऱ्या भातपिकाची, तयारी सुरू होते. फुटबॉलचं मैदान किंवा कातळाचा मोकळा सडा बरा.

काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेर. 23 ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन आपल्याकडे भर पावसात येतो, त्या दिवशी सभामंडपात कागदी रॉकेट फुंकण्यापलीकडे काही होत नाही. उद्घाटनाला तारीखच हवी असेल तर 21 नोव्हेंबर घ्या. 1963 साली याच दिवशी केरळातल्या थुंब्याहून भारतातलं पहिलं साउंडिंग रॉकेट, म्हणजे वरच्या हवेचा अभ्यास करणारं रॉकेट, उडालं. आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं मासेमारांचं गाव, आणि कामाची जागा म्हणजे तिथलं चर्च. मुलांना हे लगेच जवळचं वाटतं.

पहिले तीन शनिवार फक्त ग्लायडर. बाल्सा लाकूड शोधत बसू नका. 300 जीएसएमचा कार्डशीट, 30 सेंमी लांबीची बांबूची काडी आणि थोडी शाडू माती एवढं पुरे. पंख 30 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद. शेपटीचा आडवा पंख 10 × 4 सेंमी. उभा पंख त्याच्या निम्मा. मुख्य पंख मधोमध दुमडून दोन्ही टोकं अडीच सेंमी वर उचला. हा इंग्रजी व्ही नसेल तर विमान एका बाजूला कलतं आणि कललेलंच खाली येतं. मग तोल: पंखाच्या पुढच्या कडेपासून दीड सेंमी मागे, दोन बोटांच्या टोकांवर विमान आडवं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर नाकाला माती लावत जा.

फेकताना जोर लावायचा नाही, खांद्याच्या उंचीवरून नाक किंचित खाली ठेवून सोडायचं. नाक वर करून थांबलं आणि मग आपटलं तर मातीचा हरभऱ्याएवढा गोळा वाढवा. सरळ खाली सूर मारला तर माती काढा, किंवा शेपटीची मागची कड दोन मिलिमीटर वर वाकवा. एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद. मुलं हमखास दोन्ही गोष्टी एकदम करतात आणि मग कशाने सुधारलं ते कुणालाच कळत नाही. सोडलेल्या उंचीने अंतराला भागलं की ग्लाइड रेशो मिळतो. दीड मीटरवरून सहा मीटर गेलं तर 4. या विमानाला 4-5 म्हणजे उत्तम. हे देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये करा, आणि पंखे बंद करा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण पंखे चालू राहतात.

आपल्या हवेचा एक त्रास: आज सरळ उडालेलं विमान पुढच्या शनिवारी गोल फिरतं. कार्डशीट दमट हवेत पाणी ओढतो आणि पंख पिळतो. दोन्ही बाजूंना रुंद पारदर्शक टेप लावून घ्या आणि विमानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. थर्माकोल वापरलात तर फेविकॉलच. झटपट चिकटणारा गोंद थर्माकोल खातो.

चौथ्या शनिवारी बोगमाळोचं नौदल विमानवाहतूक संग्रहालय. सोमवारी बंद असतं. ग्लायडर झाल्यावरच न्या, आधी नेलं तर फक्त फोटो होतात. तिथल्या सुपर कॉन्स्टेलेशनला तीन उभ्या शेपट्या आहेत. का, ते मुलांना विचारा. एकच मोठी शेपटी लावली असती तर विमान तेव्हाच्या हँगरांच्या दारातून आत गेलं नसतं, म्हणून उंची तिघींत वाटली. सी हॉक या लढाऊ विमानाचे पंख कुठे दुमडतात ते शोधायला लावा, म्हणजे विमानवाहू जहाजावरची जागेची अडचण सांगावी लागत नाही.

आता पाण्याचं रॉकेट. याच्यावर मी जास्त लिहितोय कारण इथेच अपघात होतात.

बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच, सव्वा किंवा दोन लिटरची. पिण्याच्या पाण्याची बाटली दाबासाठी बनवलेलीच नसते. बाटलीवर गरम ग्लू गन, झटपट गोंद आणि पॉलिश पेपर तिन्ही वर्ज्य. उष्णतेने प्लास्टिक आकसतं, गोंदाने ठिसूळ होतं, घासल्यावर ओरखड्यातून फाटतं. पंख थेट बाटलीवर न चिकटवता दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून त्याचा पट्टा करा, पंख त्याला लावा आणि पट्टा टेपने बसवा. पंखांना फ्लेक्सवाल्याकडची सनपॅक शीट छान, पाऊसदवाला दाद देत नाही.

लाँचरसाठी अर्धा इंची पांढरा यूपीव्हीसी पाइप मागा, शेड्यूल 80. दुकानदार बहुतेक वेळा पिवळट सीपीव्हीसी हातात ठेवतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 16 मिमी, तो बाटलीच्या तोंडात खुळखुळतो. यूपीव्हीसीचा 21.3 मिमी असतो आणि बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेबावीसच्या आसपास, म्हणजे जेमतेम बसतो. पाइपावर कानशीने दीड मिलिमीटर खोल गोल खाच पाडून त्यात दोन मिलिमीटर जाडीची ओ-रिंग (रबरी कडी) बसवा, साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. गळती झाली तर ती याच खाचेत असते, एका बाजूला खोल, दुसरीकडे उथळ.

बाटली धरून ठेवायला आठ-दहा केबल टाय पाइपाभोवती उभे लावून खालून होज क्लॅम्पने आवळा. त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कडीवर आली पाहिजेत. वरून दीड किंवा दोन इंची पाइपाचा पाच सेंमीचा तुकडा सरकवा, म्हणजे डोकी आत दाबली जातात. त्या तुकड्याला दोन बाजूंनी दोरी; दोरी खाली ओढली की टाय सुटतात आणि बाटली निघते. हवा भरायला दुचाकीच्या गॅरेजमधला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि टी जोड लावून दुसऱ्या फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह; दोन्ही बाटलीपासून लांब, पंपाकडच्या टोकाला. हा दुसरा व्हॉल्व्ह खर्च वाचवण्यासाठी वगळू नका. रॉकेट अडकलं तर दाब लांबून सोडायला तेवढा एकच मार्ग आहे. पाइप जोडायचं सोल्यूशन लावल्यावर 24 तास हवा भरायची नाही. पाइप उन्हात ठेवायचे नाहीत आणि दर वर्षी बदलायचे.

बूच ठोकून हवा भरायचा सोपा प्रकार तुम्ही पाहिला असेल. तो मौजेला ठीक, पण बूच कधी कमी दाबाला सुटतं, कधी जास्त, त्यामुळे दोन उड्डाणांची तुलना होत नाही.

दाब 60 पीएसआयच्या वर नाही. मुलं आणखी मारायला सांगणारच, पंप मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा. प्रत्येक नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून 90 पीएसआयला एक मिनिट ठेवून तपासा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही आणि बाटली फाटली तरी फक्त पाणी सांडतं. दहा उड्डाणं झाली किंवा चुरगळल्याची पांढरी रेघ दिसली की बाटली भंगारात. दोरी निदान सहा मीटरची, बाकी सगळे दहा मीटरच्या रेघेमागे, गॉगल सगळ्यांना. हवा भरल्यावर बाटलीजवळ कुणीही जायचं नाही, दोरी अडकली तरी नाही.

उडवण्याआधी तोल इथेही बघायचा. नाकाच्या शंकूत 50-60 ग्रॅम माती भरा. रिकाम्या रॉकेटचा गुरुत्वमध्य शोधून खूण करा. मग रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पंखांसह पुठ्ठ्यावर कापून ती सुरीच्या पात्यावर तोलून धरा. तो बिंदू म्हणजे हवेच्या दाबाचं केंद्र, ढोबळमानाने. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, नाकाकडे, निदान बाटलीच्या जाडीइतका हवा. नसेल तर रॉकेट दहा मीटरवर कोलांट्या मारतं. उपाय दोनच: नाकात माती किंवा पंख मोठे. पंख पुढे सरकवू नका, उलटं होतं.

प्रयोग असा: दाब तोच 60, पाणी बदला. दोन लिटरच्या बाटलीत 200, 400, 600, 800, 1000 मिली, प्रत्येकी तीन उड्डाणं. 600च्या आसपास सगळ्यात उंच जाताना दिसेल, साधारण 30 ते 50 मीटर. पाणी कमी असेल तर बाहेर फेकायला वस्तुमानच नसतं, जास्त असेल तर हवेला जागा उरत नाही आणि ओझं वाढतं. हे आधी सांगू नका, आलेख त्यांनाच काढू दे.

उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ, मध्यबिंदूतून ओळंबा. लाँचरपासून 50 मीटरवर उभं राहायचं, रॉकेट सगळ्यात वर असताना दोरा अंगठ्याने दाबून धरायचा आणि मग वाचायचं. दोरा 90 वर असतो तेव्हा नजर आडवी असते, म्हणून वाचलेला आकडा 90मधून वजा करायचा. ही चूक अर्धा वर्ग करतो. कोन 40 आला तर 50 × 0.84 म्हणजे 42, त्यात डोळ्याची सव्वा मीटर उंची, एकूण 43. जवळ उभं राहायचा मोह होतो, पण 15 मीटरवरून त्याच रॉकेटचा कोन सत्तरच्या घरात जातो आणि तीन अंश चुकले तर उत्तर सहा-आठ मीटरने हलतं; 50 मीटरवरून तेवढीच चूक चार-पाच मीटरची. दोन बाजूंना दोन मोजणारे उभे करा आणि सरासरी घ्या, कारण वाऱ्याने रॉकेट एकाकडे झुकतं. सकाळी आठ ते दहा उडवा. अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की निम्मी रॉकेटं माडावर जातात, आणि तिथून काढायला पाडेली शोधावा लागतो.

मुलं वर्गात विज्ञान इंग्रजीत शिकतात, घरी कोंकणी बोलतात. तुम्ही ज्या भाषेत हवा भरता त्याच भाषेत समजवा. "थ्रस्ट" हा शब्द आलेख काढून झाल्यावर सांगितला तरी चालतो.

बाहेरच्यांचं काय घ्यावं, तर अमेरिकेतल्या सिव्हिल एअर पेट्रोल या स्वयंसेवी संघटनेची एक पद्धत: ते शिक्षकांना प्रयोगाचे तयार संच देतात. तुमच्या मंडळानेही लाँचर, पंप, गॉगल आणि नोंदीचे कागद एका लोखंडी पेटीत भरून शेजारच्या शाळांना आठवडाभर द्यावेत, सोबत एक माणूस. तिथल्याच ईएए या हौशी विमानप्रेमींच्या संस्थेचे वैमानिक 1992पासून 8 ते 17 वर्षांच्या मुलांना स्वखर्चाने एकदा विमानात बसवतात. ते आपल्याला झेपणारं नाही. आपल्याकडे नववीच्या मुलांसाठी इस्रोचा युविका हा अवकाशविज्ञानाचा कार्यक्रम आहे, 2019पासून. अर्ज ऑनलाइन असतो, घोषणेवर लक्ष ठेवा. गावाजवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सोल्डरिंगसाठी शनिवारी ती मागून पाहा.

घन इंधनाचं रॉकेट, घरी केलेलं साखर-सोऱ्याचं मिश्रण, हायड्रोजनचा फुगा, यांतलं काहीही नाही. मुलं व्हिडिओ बघून विचारतील. स्फोटकांचा कायदा आहे, आणि बोटंही दहाच आहेत.

आणि तो ड्रोन. दुसऱ्या वर्षी घ्यायचा झाला तर 250 ग्रॅमच्या आतला नॅनो घ्या, 2021च्या ड्रोन नियमांनुसार त्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण कुठे उडवायचा हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघूनच ठरवा. विमानतळाच्या कुंपणापासून 12 किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात दाबोळी नि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यातलं दाबोळी नौदलाचं. फोंड्याचा बराच भाग त्या वर्तुळाबाहेर पडतो, तरी इतर लाल (उड्डाणबंदीचे) पट्टे असू शकतात. देणगीदारांचं मन राखायचं असेल तर त्यांना ड्रोनऐवजी बीएमपी280 हा दाबमापक सेन्सर आणि त्याची नोंद घेणारा अर्डुइनो नॅनो हा छोटा सर्किट-बोर्ड, यांचे चार संच सुचवा. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला हवेचा दाब सुमारे 12 पास्कल उतरतो आणि हा सेन्सर एक मीटरचा फरक ओळखतो. आधी शाळेचा जिना चढून बघा, मग रॉकेटच्या नाकात ठेवा. सेन्सरवर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर वाऱ्याच्या झोतालाच तो उंची समजतो. कोनमापकाने काढलेली उंची आणि सेन्सरची उंची जुळत नाही तेव्हा मुलांमध्ये जे भांडण जुंपतं, त्यासाठी एक अख्खा शनिवार राखून ठेवा.