आपण पुण्यातच असताना महामार्गावरचा फलक ‘पुणे’ कुठे दाखवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर वारज्यात, मिळकतकर पुणे महापालिकेला, आणि कात्रज-देहूरोड बायपासवर चढलं की हिरव्या फलकावर ‘पुणे’ लिहून बाण काढलेला. मग हे पुणे नेमकं कुठलं, फलक चुकलाय का, आणि चुकला असेल तर सांगायचं कुणाला?

फलकावरचं ‘पुणे’ म्हणजे कोथरूडची, हडपसरची, धायरीची माणसं ज्याला ‘गावात’ म्हणतात ते. ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणणारा माणूस मंडईत, लक्ष्मी रोडला नाहीतर शनिपाराला निघालेला असतो. तो पुण्यातूनच पुण्यात जातो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. महामार्गाचा फलक हीच भाषा बोलतो, पण तुमच्याशी नाही. तो कोल्हापूर-बेळगावकडून आलेल्या, वारजे हे नाव कधी न ऐकलेल्या ट्रकचालकाशी बोलतो.

तीन वेगवेगळ्या पाट्या एकच समजल्या की घोळ होतो. ‘महानगरपालिका आपले सहर्ष स्वागत करीत आहे’ ही कमान हद्द सांगते. आकडा असलेला फलक एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर सांगतो. बाणाचा फलक नुसती दिशा सांगतो. हद्द ओलांडली म्हणजे बिंदू आला असं होत नाही. पुण्यात असा जुना बिंदू आहे: साधू वासवानी रस्त्यावर जीपीओसमोरचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयासमोरचा, शून्य मैलाचा दगड. वाघोली २०२१ पासून महापालिकेत आहे, पण तिथून पुणे स्टेशन, जीपीओ हा भाग पंधराएक किलोमीटर लांब पडतो. तेव्हा वाघोलीत ‘पुणे १५’ असं वाचायला मिळालं तर ते खोटं नाही. मात्र एका खात्याने बिंदू जीपीओ धरला आणि दुसऱ्याने स्वारगेट किंवा शिवाजीनगर, तर लागोपाठच्या दोन फलकांचे आकडे जुळत नाहीत. आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पुण्याची हद्द सरकतही राहिली. बाणेर, बालेवाडी, वारजे ही गावं १९९७ मध्ये आली. २०१७ मध्ये धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगावसह ११ गावं आली. ३० जून २०२१ला आणखी २३ आली, त्यांत नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, मांजरी बुद्रुक. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शासन अधिसूचना काढतं आणि हद्द एका दिवसात बदलते. लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. कात्रज-देहूरोड बायपास तर नावाप्रमाणेच शहराला वळसा घालायला बांधलेला रस्ता. तो शहराबाहेर होता तेव्हा त्यावरचा ‘पुणे’ हा बाण शंभर टक्के बरोबर होता. नंतर शहरच बायपास ओलांडून सूस-बावधनपर्यंत गेलं.

मग ते नाव काढून का टाकत नाहीत? कारण दिशादर्शनाचा पहिला नियम असा, की एकदा एखादं नाव दाखवलं की मुक्काम येईपर्यंत प्रत्येक फाट्यावर ते दाखवत राहायचं. साताऱ्यापासून ‘पुणे’ वाचत आलेल्या माणसाला कात्रजच्या नवीन बोगद्यानंतर ते नाव दिसेनासं झालं, तर तो सरळ जात राहतो आणि वाकडला पोचल्यावर त्याच्या लक्षात येतं की शहर मागे राहिलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बायपासवरचं ‘पुणे’ पुसू नये, त्याच्या शेजारी भागाचं नाव जोडावं. ‘पुणे – स्वारगेट’, ‘पुणे – डेक्कन’, ‘पुणे – शिवाजीनगर’. बाहेरच्याला पहिला शब्द पुरतो, आपल्याला दुसरा. बायपास सोडून आत आल्यावर, म्हणजे कर्वे रोडला, सिंहगड रोडला किंवा बाणेर रोडला, नुसतं ‘पुणे’ लिहिणं मात्र खरंच चूक. तिथे फक्त भागाचं नाव हवं. इंग्लंडमध्ये शहरात शिरल्यावर फलक ‘सिटी सेंटर’वर येतो, जर्मनीत ‘त्सेंट्रुम’वर. आपल्याकडे या जागी सर्वमान्य असा एकच शब्द नाही आणि पुण्याला मध्यही एक नाही, त्यामुळे स्वारगेट, शिवाजीनगर, स्टेशन आणि डेक्कन ही चार नावंच कामाची.

तोवर प्रत्येक ‘पुणे’ कुठे नेतं ते माहीत असलेलं बरं. साताऱ्याकडून येताना शिंदेवाडीपाशी पहिला निर्णय घ्यावा लागतो. जुन्या घाटाने गेलात तर कात्रज चौक आणि तिथून साधारण सहा किलोमीटरवर स्वारगेट. नवीन बोगद्यातून गेलात तर नवले पूल, वडगाव, आणि सिंहगड रोडने दांडेकर पूल. वारज्याचा बाण कर्वे रोडने डेक्कनला जातो. चांदणी चौकाचा पौड रोडने कोथरूडमार्गे तिथेच येतो. बाणेर आणि वाकड (औंधवरून) हे दोन्ही विद्यापीठ चौकात मिळतात, पुढे शिवाजीनगर. सोलापूर रोडचं ‘पुणे’ हडपसर, फातिमानगरवरून पुलगेटला, नगर रोडचं खराडी, येरवड्यावरून बंडगार्डनला. नाशिककडचा रस्ता मोशी, भोसरीवरून नाशिक फाट्याला जुन्या मुंबई रस्त्याला मिळतो.

द्रुतगती मार्गाने मुंबईहून आलात तर किवळ्याला थोडं सावध राहा. तिथे ९४.५ किलोमीटरचा तो रस्ता संपतो आणि ‘पुणे’ दोन्हीकडे असतं: जुन्या महामार्गाने निगडी, पिंपरी, दापोडी, खडकीमार्गे शिवाजीनगर, किंवा बायपासने वाकड, बाणेर, चांदणी चौक. कोथरूडला जायचं असेल आणि निगडीकडे वळलात तर सगळं पिंपरी-चिंचवड पार करत बसावं लागतं. निगडी-चिंचवडमध्ये दिसणाऱ्या ‘पुणे’ला मात्र नावं ठेवू नयेत, ते शहर वेगळं, महापालिका वेगळी. मोबाइलवरच्या नकाशातही नुसतं ‘पुणे’ टाकू नका. नकाशा शहराच्या मधोमध कुठेतरी खूण रोवतो आणि तिथे नेऊन सोडतो. भागाचं नाव टाका.

आता खऱ्या दोषांकडे येऊ. शब्दापेक्षा फलकाची जागा आणि अक्षराचा आकार यांनीच माणूस जास्त चुकतो.

ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. फलक वाचून कळायला चार सेकंद धरा. तीन पदरांच्या रस्त्यावर उजव्या पदरातून डावीकडे यायला दोन वेळा पदर बदलावा लागतो, गर्दीत त्याला दहा-बारा सेकंद सहज लागतात. म्हणजे साडेतीनशे मीटर झाले, आणि वेग कमी करायला अंतर हवं ते वेगळंच. म्हणून पहिली सूचना एक किलोमीटर आधी, दुसरी ५०० मीटरवर आणि शेवटचा बाण फाट्याच्या तोंडाशी, अशी तीन टप्प्यांची रचना हवी. शेवटचा एकटाच फलक असेल तर चालक तो वाचून जागच्या जागी ब्रेक दाबतो. नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या लांब उतारावर मागून भरलेला ट्रक येत असतो, तिथे अशी एक सेकंदाची घालमेल जिवावर बेतते.

अक्षराचं गणित तर जवळून पाहण्यासारखं आहे. ढोबळ हिशेब असा, की अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीमागे पाच मीटरवरून वाचता येतं. तीस सेंटिमीटरचं रोमन अक्षर म्हणजे दीडशे मीटर. आता त्याच तीस सेंटिमीटरच्या पट्टीत ‘पुणे’ लिहून बघा. वर ‘णे’ची मात्रा, खाली ‘पु’चा उकार. दोघांनी जागा घेतली की मधल्या ‘प’च्या अंगाला सतरा-अठरा सेंटिमीटर उरतात, आणि दीडशेचे नव्वद मीटर होतात. ताशी ८०ला हे चार सेकंदांचं अंतर. फलकाची मांडणी आधी इंग्रजीत करून मराठी ओळ तेवढ्याच पट्टीत कोंबली की असं होतं. मराठी ओळीला जवळजवळ पावणेदोनपट उंची दिली पाहिजे. ती दिली की फलक मोठा होतो, खर्च वाढतो, म्हणून टाळली जाते. आणि एका फलकावर सहा-सात नावं घातली तर अक्षर कितीही मोठं करा, वाचून होत नाही. एका दिशेला दोन, फार तर तीन नावं.

कमानीवरच्या बाणांचंही तसंच. खाली टोक असलेला बाण ‘या पदरात राहा’ असं सांगतो, त्यामुळे तो त्याच पदराच्या बरोबर वर टांगलेला असावा लागतो. रस्ता रुंद झाला, पदर वाढले किंवा पट्टे सरकवून आखले, आणि कमान जुनीच राहिली, तर बाण दोन पदरांच्या मधल्या पट्ट्यावर येतो. मग ‘पुणे’चा पदर कुठला हे कुणालाच कळत नाही. चांदणी चौकाचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन रचना सुरू झाली. अशा अनेक रॅम्प असलेल्या ठिकाणी तर कोथरूड, पाषाण, मुळशी, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) ही नावं ‘पुणे’पेक्षा जास्त उपयोगी पडतात. तिथे नुसतं ‘पुणे’ वाचून कुठला रॅम्प घ्यायचा ते ठरवता येत नाही.

बाकी दोष नेहमीचे: पावसाळ्यात वाढलेली फांदी, फलकाच्या खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स, परावर्तक (दिव्याचा उजेड परत फेकणाऱ्या) कागदाची मुदत संपल्यामुळे रात्री काळा दिसणारा फलक. नावात दुरुस्ती करताना वेगळ्या प्रतीचा कागद चिकटवला तर दिवसा सगळं एकसारखं दिसतं, पण रात्री दिव्याच्या झोतात नवीन तुकडा तरी जास्त चमकतो नाहीतर मंद पडतो, आणि नेमकं दुरुस्त केलेलं नाव वाचता येत नाही. दमट हवेत जुन्या कागदावरच चिकटवला असेल तर पहिल्या पावसात कोपरे सुटतात. दुरुस्ती करायचीच असेल तर त्याच प्रतीचा परावर्तक कागद लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने बसवावी. पूर्ण फलक बदलण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं, म्हणून तक्रारीत हीच मागणी करा.

तक्रार कुणाकडे करायची हे रस्ता कुणाचा यावर ठरतं. बायपास म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ४. त्याच्या मुख्य मार्गावरच्या फलकांसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण: १०३३ हा क्रमांक किंवा ‘राजमार्गयात्रा’ ॲप. शहरातल्या रस्त्यांसाठी महापालिकेचा पथ विभाग, ‘पीएमसी केअर’वरून. सेवा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे यावर टोलवाटोलवी होते. फलकाच्या पाठीमागे बहुतेकदा खात्याचं नाव आणि बसवल्याची तारीख रंगवलेली असते. तेवढा एक फोटो काढला की ती थांबते.

जागा सांगताना ‘वारजे पुलाच्या थोडं पुढे’ असं लिहू नका. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा द्या, आणि मधल्या दोनशे-दोनशे मीटरच्या दगडांवर २, ४, ६, ८ असतं तेही. ८४०/४ म्हणजे ८४० किलोमीटर ४०० मीटर, यालाच खात्यात साखळी क्रमांक म्हणतात. हा आकडा पुण्यापासूनचं अंतर नव्हे, तो महामार्गाच्या मोजणीचा आहे. सातारा ते देहूरोड हा पट्टा सहापदरीकरणात ७२५ ते ८६५.३५ असा मोजला गेला. दगड नसेल तर फोनवरून अक्षांश-रेखांश.

फोटो दोन लागतात. एक चालकाच्या पदरातून, शंभर-दीडशे मीटरवरून, शेजारी बसलेल्याने काढलेला. दुसरा सेवा रस्त्यावरून, जवळून. महामार्गावर गाडी थांबवून काढू नका. मजकूर एवढा पुरे: ‘राष्ट्रीय महामार्ग ४८, सातारा ते मुंबई बाजू, साखळी क्रमांक अमुक. फलकावर फक्त ‘पुणे’ लिहिले आहे. हा भाग महापालिका हद्दीत असून येथून डेक्कनकडे रस्ता जातो. ‘पुणे – डेक्कन’ अशी पट्टी त्याच प्रतीच्या परावर्तक कागदात बसवावी, तसेच ५०० मीटर आधी पूर्वसूचना फलक लावावा.’ तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘निकाली’ असा संदेश आला तर फलक रात्री, हेडलाइटच्या झोतात एकदा बघून मगच मान्य करा.