दीड एकरात मिनिएचर गाढवं पाळून पाहुण्यांसाठी फार्म चालू करायचंय, इम्पोर्ट कशी करू आणि परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की वाईजवळ दीड एकर जमीन आहे, इन्स्टावर परदेशातल्या मिनिएचर डाँकीचे व्हिडिओ बघितलेत, तशी चार मागवायची, शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं बोलवायची आणि मुलांना राइड द्यायची. राइड शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आधी इम्पोर्टचं. मिनिएचर म्हणजे खांद्यापाशी ३६ इंचापर्यंतचं गाढव, एवढंच. ती मूळची इटलीच्या सार्डिनिया आणि सिसिली बेटांवरची, तिकडे घरातलं पिठाचं जातं ओढायची, १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शेअर दलालाने ती अमेरिकेत नेली आणि तिथे लोक हौसेने पाळायला लागले. आता टेप घेऊन आपल्याकडच्या कुठल्याही वीटभट्टीवर जा आणि मोजा. आमची शेवंती ३४ इंच आहे, बकुळा ३३, सोन्या सगळ्यात उंच तो ३६. आपल्या करड्या गावठी गाढवाची सरासरी पुस्तकातसुद्धा ८१ सेंटीमीटर दिलेली असते, म्हणजे ३२ इंच. ज्यासाठी तुम्ही लायसन्स, क्वारंटाइन आणि विमानाचं भाडं भरणार ते जनावर तुमच्या तालुक्यात वाळूच्या गोण्या वाहतंय. आणि ते संपत चाललंय, २०१२ च्या पशुगणनेत देशात ३.२ लाख गाढवं होती, २०१९ ला १.२ लाख राहिली. तेव्हा बाहेरून आणू नका, इथली घ्या.

कुठून, तर पौष पौर्णिमेला जेजुरीला या, बंगाली पटांगणात बाजार भरतो, वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, सगळीकडून लोक येतात. दात बघून भाव ठरतो, दोन दाताचं ते दुवान, चार दाताचं चौवान, मग कोरा, अखंड असे शब्द कानावर येतील. काठेवाडी गाढवं पांढरट आणि उंच असतात, भावही तसाच, ती ओझ्यासाठी घेतात, तुम्हाला गावठीच बघा. नगर जिल्ह्यातल्या मढीच्या यात्रेतही बाजार असतो. दोन घ्या, एक कधीच नको. एकटं गाढव झुरतं, हे मी अनुभवाने सांगते, आणि दोघांची जोडी जमलेली असेल तर ती फोडून एकच विकत घेऊ नका.

आता मी कोण ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझं माहेर कुंभाराचं. आमच्या दाराला चार गाढवं होती, वडील पहाटे ओढ्यावरून माती आणायचे, मी शाळेत जायच्या आधी त्यांची लीद भरून भट्टीच्या जळणात टाकायचे. वर्गात मला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, गाढववाली म्हणायचे, चौथी ते दहावी. सासरही कुंभाराचंच पण इकडे सासऱ्यांनी माती कधीच सोडलेली, पुरंदरात दोन एकर, अंजीर आणि सीताफळ. २०१७ ला मी जेजुरीहून शेवंती आणि बकुळा घेऊन आले तर धाकटे दीर चार दिवस जेवायला घरी आले नाहीत. म्हणाले, वहिनी, दोन पिढ्यांनी कष्ट करून गाढवं दारातून घालवली, तुम्ही पुन्हा आणून बांधली, उद्या पोरीला स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण रात्री मी उठून बघितलं तर त्या गोठ्यात कंदील घेऊन शेवंतीच्या खुरातला खडा काढत बसलेल्या. त्यांच्या हाताला ते काम चाळीस वर्षांनी आठवलं होतं.

शेवंतीच्या दोन्ही नाकपुड्या चिरलेल्या आहेत. ओझ्याच्या गाढवांच्या चिरतात, श्वास मोकळा होतो असा समज आहे, तसं काही होत नाही, फक्त जखम होते. पाहुण्यांमधलं प्रत्येक मूल पहिला प्रश्न हाच विचारतं, मावशी हिचं नाक असं का, आणि मी खरं ते सांगते. मग ते मूल तिच्याशी वेगळ्या हाताने वागतं. मला तुमच्या फार्मबद्दल हेच सांगायचंय की पाहुण्यांना दाखवण्यासारखं गाढवात भरपूर आहे, पाठीवर बसायची काही गरज नाही. आम्ही आठ-दहा माणसांना घेऊन झाडाखाली सतरंजीवर नुसतं बसवतो, मोबाइल खिशात, आणि गाढवं सोडून देतो. दहा मिनिटं काही होत नाही. मग बकुळा येते, कोणाच्या तरी खांद्यावर तोंड ठेवते आणि तिथेच उभी राहते. मोठी माणसं रडलेली बघितलीत मी. मग ब्रश देतो, दोरी धरून बांधापर्यंत बरोबर चालायला देतो, झालं.

राइड का नाही तर वजन. परदेशात समुद्रकिनाऱ्यावर गाढवं चालतात तिथे मोठ्या गाढवालाही पन्नास किलोच्या वरचं माणूस बसवत नाहीत. आपल्या ३४ इंचीवर दुसरीतलं पोरसुद्धा मी बसवणार नाही. आणि एकदा पोराला बसवलं की बाप म्हणतो माझाही एक फोटो.

डिसेंबर २०२१, हुरड्याचा सीझन. तोपर्यंत दीर बदलले होते, कारण बुकिंग यायला लागलं होतं, आणि बुकिंगचा फोन तेच बघायचे. पुण्याच्या एका कंपनीचा बावीस जणांचा ग्रुप, पैसे पूर्ण आगाऊ. मी चुलीपाशी होते. शेवंती तेव्हा गाभण, दहावा महिना संपत आलेला, गाढविणीला साधारण बारा महिने लागतात. एकदम मोठा हशा ऐकला. बाहेर येऊन बघते तर एक ऐंशी किलोचा माणूस शेवंतीवर उलटा बसवलेला, तोंड शेपटीकडे, गळ्यात चपलांची माळ, त्याचं टार्गेट राहिलं होतं म्हणे, तर टीमने त्याची धिंड काढायची ठरवलेली, दोघं पुढून ओढतायत, एक मागून काठीने टोचतोय, बाकीचे रील काढतायत. ती हलत नव्हती. लोकांना वाटतं गाढव हट्टी असतं, ते हट्टी नसतं, भीती वाटली की घोडा पळतो आणि गाढव जागच्या जागी थिजतं. कान मागे पडलेले आणि मागचे पाय थरथरत होते. तो वर बसलेला मुलगासुद्धा हसत नव्हता हो, खाली बघत होता. आणि दीर बाजूला उभे राहून हसत होते.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या मुलाला हात देऊन उतरवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, हुरडा बांधून देते, गाड्या काढा. दीर सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनी, गिऱ्हाईक लक्ष्मी असतं, गाढवासाठी लक्ष्मीला हाकलताय. मी पैसे परत दिले, सगळे.

रात्री शेवंतीने कडब्याला तोंड लावलं नाही. सकाळीही नाही. इथे नीट वाचा कारण हे तुम्हाला व्हिडिओत कोणी सांगणार नाही, गाढव दुखतंय हे दाखवत नाही, मान थोडी खाली आणि खाणं बंद, एवढंच लक्षण, आणि खाणं बंद झालं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि लिव्हर बसतं. गाभण आणि अंगाने भरलेली असेल तर धोका सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले, त्यांनी रक्त काढून नळी उभी ठेवली, थोड्या वेळाने वरचा भाग दुधासारखा पांढरा दिसायला लागला, ते बघूनच त्यांनी मान हलवली. सलाइन, ग्लुकोज, नाकातून नळी घालून पातळ पेज, तीन दिवस. बकुळाला मी तिच्यापासून हलू दिलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे शेवंतीने बकुळाच्या तोंडातली काडी ओढून खाल्ली. ती वाचली, शिंगरू वाचलं नाही. मेलेलं शिंगरू मी लगेच उचललं नाही, दोघींनाही हुंगू दिलं, तास-दीड तास त्या तिथेच उभ्या होत्या, मग आपणहून बाजूला झाल्या. हे करावं लागतं, नाहीतर त्या दिवसेंदिवस शोधत फिरतात.

दीर आजही म्हणतात की शिंगरू राइडमुळे गेलं कशावरून. डॉक्टरांनीही खात्रीने सांगितलं नाही, हे मान्य करते. पण दोन दिवस आधी ती पोटभर खात होती आणि उन्हात लोळत होती, आणि त्या दुपारनंतर खाल्लं नाही, मला दुसरा पुरावा नको. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही फार्म चालू करा, पण पहिल्या दिवशी गेटवर पाटी लावा की गाढवावर बसता येणार नाही, आणि बावीस जणांचे पैसे परत द्यायची तयारी असेल तरच गाढवं आणा. घरात बुकिंगचा फोन एकाकडे आणि जनावर दुसऱ्याकडे असं ठेवू नका, जो शेण-लीद काढतो त्यानेच फोन घ्यावा.

खाण्याचं राहिलं. कडबा, गव्हाचं काड, सुका चारा, आणि पेंड-भरडा जवळजवळ नाहीच. हे कोरड्या मुलखातलं जनावर, हिरवंगार गवत आणि पोळ्या दिल्या की मानेवर चरबीची घडी पडते आणि खुरात सूज येते, मग पाय टेकवत नाही. पाहुणे बिस्किटं आणतात, गेटवरच काढून घ्या, रागावले तर रागावू दे. कण्हेर असेल तर आजच मुळासकट काढा, फार्महाउसवाले कुंपणाला हमखास लावतात आणि थोडी पानंसुद्धा गाढवाला मारतात. खूर सहा ते दहा आठवड्यांनी तासावे लागतात, नालबंद मिळणं हीच खरी अडचण आहे, जमीन घ्यायच्या आधी नालबंद शोधा म्हणते मी. आणि वाईला आमच्यापेक्षा पाऊस जास्त, गाढवाच्या केसांतून पाणी आत मुरतं, घोड्यासारखं निथळत नाही, त्यामुळे पक्कं छप्पर आणि कोरडी जमीन नसेल तर पावसाळ्यात खूर कुजतात.

परवडेल का, तर नुसत्या गाढवांवर नाही. आमचे पैसे जेवणातून, हुरड्यातून आणि अंजीर-सीताफळ विक्रीतून येतात, गाढवांमुळे माणसं परत येतात इतकंच. दुधाचे हजारो रुपये लिटर वगैरे ऐकलं असेल तर विसरा, एक गाढवीण दिवसाला अर्धा-एक लिटर देते, तेही शिंगरू जवळ असेल तर, आणि ते त्याचं असतं. सरकारचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन विभागाकडे नोंदणी करून घ्या, तुमची जागा त्यात बसेल.

हे वर लिहायला हवं होतं, विकत घेतल्यावर आधी सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून ग्लँडर्ससाठी, म्हणजे घोड्या-गाढवांच्या एका जीवघेण्या संसर्गासाठी, रक्त तपासून घ्या, नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे जातो, रिपोर्ट येईपर्यंत पाहुणे नकोत, कारण तो रोग माणसालाही होतो आणि २००६ ला पुणे-पाचगणीच्या घोड्यांत निघालेला आहे, म्हणजे तुमच्याच बाजूला. धनुर्वाताची लस पण द्या. साबण-पाणी गेटजवळ ठेवा, येताना-जाताना हात धुवायचे. आणि गाढव पंचवीस-तीस वर्षं जगतं, तुमचं वय त्यात मिळवून बघा.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल माहीत आहे मला, तुमच्या मोबाइलवर माझी उत्तरं येतात. त्या ग्रुपचे पैसे घरखर्चातून गेले असं तुम्ही चार वर्षं पाहुण्यारावळ्यांत सांगताय. ते माझ्या त्या वर्षीच्या अंजिराचे होते, वही कपाटात वरच्या खणात आहे. शेवंती पुन्हा गाभण आहे, आठवा महिना. रविवारचं बुकिंग घेताना आठजणांच्या वर घेऊ नका.