एका गोळीत दोन औषधं, एका टेबलावर अबोला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वाळूजच्या एका औषध कंपनीत फॉर्म्युलेशन विभागात (गोळीत औषधासोबत काय, किती घालायचं ते ठरवणाऱ्या) सहा वर्षं आहे. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशी रक्तदाबाची दोन थरांची गोळी आम्ही करतोय. गोळी किती टिकते हे लवकर कळावं म्हणून ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या नमुन्यांत तिसऱ्या महिन्याला अ‍ॅम्लोडिपिनची अशुद्धी, म्हणजे औषध तुटून होणारे नको ते पदार्थ, वाढलेली दिसली. अ‍ॅनालिटिकलवाले (गोळीची तपासणी करणारा विभाग) म्हणतात, फॉर्म्युला चुकला. आम्ही म्हणतो, तुमची तपासायची मेथड चुकली. साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "जबाबदार कोण?" तेव्हापासून समोरच्या टेबलावरचा माणूससुद्धा मेलच पाठवतो, आणि त्यात बारा जणांना सीसी. एकमेकांवरचा विश्वास परत कसा आणायचा? आणि एक सांगतो. पहिल्या महिन्याच्या नमुन्यातच मला पांढऱ्या थरावर पिवळसर झाक दिसली होती. तेव्हा मी बोललो नाही.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. बाकी सगळ्या पत्रापेक्षा ते जड आहे आणि तुम्ही ते लिहिलंत, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही.

मीही याच कामात ३१ वर्षं काढली. नव्वदच्या दशकात आम्ही क्षयरोगाची रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकत्र असलेली गोळी करत होतो. रिफॅम्पिसिन विटकरी लाल. घरी गेल्यावर रुमालही लाल निघायचा. डिझोल्युशनमध्ये, म्हणजे गोळीतलं औषध द्रवात किती विरघळतं त्या चाचणीत, रिफॅम्पिसिन सतत कमी भरत होतं. मी थेट अ‍ॅनालिस्टवर गेले. "नमुना काढून तासभर तसाच ठेवता, आणि नाव आमच्या गोळीचं खराब!" सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. तो माणूस वयानं माझ्यापेक्षा मोठा होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पात्रं लावली. एकात आम्लात नुसतं रिफॅम्पिसिन, दुसऱ्यात त्याच आम्लात रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड. दुसऱ्या पात्रातलं रिफॅम्पिसिन स्पष्टपणे जास्त नष्ट झालेलं निघालं. जठरासारख्या आम्लात आयसोनियाझिड सोबत असलं की रिफॅम्पिसिन झपाट्यानं तुटतं, हे आज कुठलाही फार्मसीचा विद्यार्थी सांगेल. तेव्हा मला ते त्या दोन पात्रांनी शिकवलं.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याला ही शंका दोन आठवड्यांपूर्वीच आली होती. त्यानं ती त्याच्या सुपरवायझरला सांगितली होती. माझ्यापर्यंत ती आली नाही, कारण "मॅडम ओरडतात". त्याचं टेबल माझ्यापासून वीस पावलांवर होतं, आणि बातमीला वीस पावलं चालायला दोन आठवडे लागले. मी चारचौघांत ओरडले होते, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. केबिनमध्ये बोलावून मागितली असती तर ती अर्धीच झाली असती.

आता तुमच्या गोळीकडे येऊ. "फॉर्म्युला की मेथड" हा वाद मला खोटा वाटतो, कारण या जोडीत दोन्ही बाजूंना खरोखर अडचण आहे. टेल्मिसार्टन साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून त्याच्या थरात सोडियम हायड्रॉक्साइड, मेग्लुमिन असं अल्कधर्मी सामान घालावं लागतं. ते सामान ओलावा ओढतं. आणि अ‍ॅम्लोडिपिनला अल्कधर्मी शेजार मानवत नाही. म्हणून तर दोन थर करायचे. तरी त्यांची शिवण एकच राहते. शिवाय तुमच्या पांढऱ्या थरात लॅक्टोज (गोळीत भराव म्हणून घालतात ती दुधातली साखर) आहे का ते बघा. अ‍ॅम्लोडिपिन, लॅक्टोज आणि ओलावा एकत्र आले, वर अल्कली, तर पिवळेपणा येऊ शकतो. तुमची झाक तिथलीही असेल. असलं तर लॅक्टोज काढून मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि डायकॅल्शियम फॉस्फेट या दुसऱ्या भरावावर एक ट्रायल घ्या.

आता तुमच्या अ‍ॅनालिस्टच्या खुर्चीत बसून बघा. अशुद्धी समजा ०.२ टक्के आहे; ५ मिलिग्रॅमचा ०.२ टक्के म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. शेजारी ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टन. म्हणजे त्याला चार हजार पट मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीतला कण मोजायचा आहे. तपासणीच्या आलेखावर प्रत्येक पदार्थाचं एक शिखर उमटतं; टेल्मिसार्टनच्या शिखराच्या पायथ्याशी एखादं छोटं शिखर दडलं, किंवा टेल्मिसार्टनचीच अशुद्धी अ‍ॅम्लोडिपिनच्या नावावर मांडली गेली, तर त्यात कुणाचा आळस नाही. "मेथड चुकली" असं त्याला तोंडावर म्हणणं म्हणजे सुताराला त्याचा रंधा बोथट आहे म्हणण्यासारखं. बोथट असेलही, पण तो आता तुम्हाला रंधा दाखवणार नाही.

म्हणून पुढचा प्रयोग दोघांनी मिळून आखा, एकाच कागदावर. नुसता अ‍ॅम्लोडिपिनचा थर, नुसता टेल्मिसार्टनचा थर, दोन्ही थर वेगवेगळे दाबून एकाच बाटलीत पण एकमेकांना न टेकता, आणि तुमची नेहमीची दुहेरी गोळी. सोबत प्रत्येकाचा औषधाविना नमुना. सगळं ४० अंश, ७५ टक्क्यांत महिनाभर, काही उघडं, काही बंद. नुसत्या अ‍ॅम्लोडिपिनच्या थरातच अशुद्धी वाढली तर दोष त्या थरातल्या सामानात शोधा. फक्त टेकलेल्या थरांत वाढली तर शिवणीत. आणि औषधाविना नमुन्यातही ते शिखर दिसलं तर तुम्ही इतके दिवस नसत्या अशुद्धीवर भांडलात. महत्त्वाचं हे की नमुने ठेवण्यापूर्वी दोघांनीही आपापला अंदाज त्या कागदावर लिहून सही करायची. आधी लिहिलेला अंदाज चुकला तर माणूस हसतो. निकाल आल्यावर मात्र तोच माणूस वकिली करायला लागतो.

आणि नमुने शिपायाबरोबर पाठवू नका. स्वतः घेऊन जा, क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो शिखरांचा आलेख, स्क्रीनवर त्याच्या शेजारी बसून बघा. तुमच्या फसलेल्या ट्रायलचं रजिस्टरही त्याला द्या. आपल्याकडे यशस्वी बॅचचीच फाइल फिरते आणि फसलेल्या सात ट्रायल कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहतात. त्या सातांतच अ‍ॅनालिस्टला सगळ्यात जास्त कामाचं सापडतं. टीम बिल्डिंगच्या नावाखाली लोणावळ्याची सहल काढू नका. तिथं सगळे गोड बोलतात आणि सोमवारी पुन्हा बारा जणांना सीसी.

साहेबांचं काय? "जबाबदार कोण" हा प्रश्न त्यांनी वाईट हेतूनं विचारला असेल असं नाही. त्यांच्या डोक्यात सबमिशनची, म्हणजे मंजुरीसाठी कागद द्यायची, तारीख असणार. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एका फटक्यात ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हापासून "ही दोन औषधं एकत्र कशासाठी?" या प्रश्नाची धास्ती बऱ्याच वरिष्ठांनी घेतली आहे. पण त्यांना तुम्ही दोघं एकत्र भेटा, तो एक कागद घेऊन. "कोण" याचं उत्तर महिनाभरानं देऊ, "कुठे" याचं शोधतोय, एवढं सांगा.

आणि ती पिवळसर झाक. उद्या सकाळी आधी त्या अ‍ॅनालिस्टला सांगा, मग साहेबांना. निरीक्षण आजच्या तारखेनं लिहा: "पहिल्या महिन्यात हे दिसलं होतं, तेव्हा नोंद केली नाही." मागची तारीख टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. चहा तुम्ही पाजा.

प्रश्न : मी बी.फार्म. करून सहा महिन्यांपूर्वी कॉम्प्रेशनला, म्हणजे गोळ्या दाबायच्या मशीनवर, लागलो. मधुमेहाच्या, मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमच्या दोन थरांच्या गोळ्या चालतात. सीनियर दर तासाला वजन घेत नाहीत, शिफ्ट संपताना एकदम आकडे भरतात आणि मला सही करायला सांगतात. नाही म्हटलं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवेल का?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : सही करू नका. भांडूही नका. "सर, तुम्ही मशीन बघा, वजनं मी घेतो" असं म्हणा आणि तासाच्या ठोक्याला तराजूपाशी उभे राहा. वीस गोळ्यांचं वजन करायला काही मिनिटं लागतात. तरीही तुमच्याकडून न घेतलेल्या वजनांचे आकडे भरून घ्यायला लागले, तर क्यूएकडे (गुणवत्ता विभागाकडे) जा. त्याला चहाडी म्हणत नाहीत.

तुमच्या गोळीत तर नुसत्या एकूण वजनावर जाऊच नका. ग्लिमेपिराइडचा थर पातळ पडला आणि मेटफॉर्मिनचा तेवढाच जाड पडला, तर एकूण वजन अगदी बरोबर येतं आणि पेशंटच्या पोटात १ मिलिग्रॅमच्या जागी कमी औषध जातं. पहिल्या थराचं वजन वेगळं काढून घ्या, दर तासाला, आणि तिथल्या तिथं लिहा.