आठ इंची दुर्बीण, शहरातली गच्ची आणि न दिसणारी एम ५१

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. कोथरूडची गच्ची, ८ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची दुर्बीण), एम ५१ आणि एम १०१ या दीर्घिका (एम म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक) काही केल्या दिसत नाहीत, आणि शेवटी प्रश्न: आरसा खराब निघाला का, की फिल्टर घ्यावा? मीही पुण्यातलीच, हे सगळं भोगलेलं आहे. आरसा बहुधा ठणठणीत असेल. फिल्टरची घाई करू नका.

कठड्यापलीकडच्या नव्या एलईडी दिव्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. सगळं आकाश उजळलेलं असणं वेगळं आणि दिवा थेट डोळ्यांत येणं वेगळं. पहिल्यावर आपल्या हातात इलाज नाही, दुसऱ्यावर आहे. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा दिव्याकडे नजर गेली की ती मेहनत पाण्यात.

आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा एक दिवा नेमका गच्चीकडे कललेला बसला. रस्त्यावर अंधार करा असं मी कधीच म्हटलं नाही. दिवा खाली वळवा आणि आमच्या बाजूने पत्रा लावा, एवढंच मागणं होतं. संबंधित कार्यालयात तक्रार ‘दिवा बंद’ या सदरात नोंदवली गेली, कारण चुकीच्या दिशेच्या दिव्यासाठी सदरच नव्हतं! माणूस आला, दिवा चालू पाहिला, तक्रार निकाली. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. वरच्या साहेबांना भेटले तर म्हणाले, “मॅडम, लोक दिवा लावा म्हणून येतात.” यात अख्खा हिवाळा गेला, मृग, व्याध, सगळं डोक्यावरून निघून गेलं. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळते आणि इथे शहरात एका दिव्याला आडोसा मिळत नाही, याचा मला आजही संताप येतो. रस्त्यावर पडायचा उजेड आभाळात जातो, तोही आपल्याच करातून.

शेवटी काम झालं ते वेगळ्याच वाटेने. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत तो दिवा रात्रभर बेडरूममध्ये येत होता. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर, खांबाचा क्रमांक आणि फोटो जोडून, झोप होत नाही असं पत्र दिलं. दिवा वळवला गेला. तेव्हा अर्जात दुर्बिणीचं नावही काढू नका. शेजाऱ्यांना खरंच त्रास होत असेल तर त्यांना पुढे करा. अर्थात तुमच्याकडचा अनुभव वेगळा असू शकतो. तोवर डोक्यावरून जाड काळं कापड घ्या. विचित्र दिसतं, पण फरक लगेच कळतो.

आता एम ५१. पुस्तकात ८.४ प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितकी वस्तू मंद) दिलेली असते ती एकूण प्रकाशाची. एम १०१ तर ७.९, पण तो प्रकाश जवळपास पूर्ण चंद्राएवढ्या जागेत पसरलेला, म्हणून शहरात तो पुसलाच जातो. उलट स्वरमंडलातला एम ५७ हा कड्यासारखा तेजोमेघ कागदावर ८.८, म्हणजे सगळ्यांत मंद, पण सगळा प्रकाश दीड कलेपेक्षाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहान जागेत. तो कोथरूडहूनही दिसतो! तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी असेल तर २५ मिमी आयपीसने तो फुगलेल्या ताऱ्यासारखा वाटेल. १० मिमी लावा, म्हणजे १२० पट. मागचं आकाश काळवंडतं आणि राखाडी कडं उमटतं. थेट बघू नका. उजवा डोळा लावला असेल तर नजर किंचित उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला येईल. दुसऱ्या बाजूला आणलीत तर ती अंधबिंदूवर (डोळ्यातल्या न दिसणाऱ्या जागेवर) जाऊन गायब होऊ शकते.

शहरात तारकागुच्छांच्या मागे लागा, हे माझं ठाम मत. शौरीतला एम १३, ज्येष्ठेशेजारचा एम ४, हिवाळ्यात एम ३५. मे महिन्यात दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी. पुण्यातून तो जेमतेम २४ अंश वर येतो, पण युरोपात बहुतेक ठिकाणी उगवतही नाही. पाऊस संपल्यावरच्या पहिल्या निरभ्र रात्री सोडू नका, तेव्हा हवेतली धूळ धुऊन गेलेली असते. दिवाळीचा आठवडा धुरामुळे वाया जातो.

फिल्टरबद्दल थोडक्यात. ‘शहरी उजेडासाठी’ म्हणून विकले जाणारे बरेचसे फिल्टर सोडियम दिव्यांचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश अडवायला उपयोगी. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, आणि दीर्घिकेच्या प्रकाशातही. मग अडवणार काय? घ्यायचाच तर पुढे कधीतरी ओ-थ्री किंवा यूएचसी, म्हणजे तेजोमेघांतल्या वायूंचा ठरावीक प्रकाशच सोडणारा फिल्टर, घ्या. तो एम ४२, एम २७ अशा तेजोमेघांना खरंच उठाव देतो.

एम ५१ साठी एप्रिल-मेमध्ये एक रात्र शहराबाहेर काढा. एकट्याने जाऊ नका. ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईकडचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाची चौकशी करा. काळोख चांगला मिळाला तर याच ८ इंचीतून एम ५१ आणि तिला चिकटलेली छोटी दीर्घिका, दोन्हींचे गाभे वेगळे दिसतील, आणि डोळे सरावले की सर्पिल भुजांचा अंदाजही येईल.