विमा कंपनीच्या ‘फ्री कॅश फ्लो’ला काय म्हणावं?

एका विमा कंपनीच्या अहवालाचं भाषांतर करणाऱ्या ताईंनी विचारलंय : ‘फ्री कॅश फ्लो ओव्हर टाइम’ला ‘कालांतराने मुक्त रोख प्रवाह’ म्हटलं तर चालेल का?

ताई, आधी ‘कालांतराने’ काढा. त्याचा अर्थ ‘मध्ये काही काळ गेल्यावर’. तक्त्यात ओळीनं दहा वर्षांचे आकडे असतील तर तिथे ‘वर्षागणिक’ हवं.

‘मुक्त’ही मला पटत नाही. मराठीत पैसा अडकतो आणि मोकळा होतो. ‘एफडीत अडकलेत, मार्चमध्ये मोकळे होतील’ असंच आपण बोलतो. दुकानदाराला तर आपण सरळ विचारतो, ‘वर्षाकाठी किती सुटतात?’ धंद्यातून आलेल्या रोकडीतून यंत्रं, इमारती असा भांडवली खर्च वजा जाता जे सुटतं, ती ‘मोकळी रोकड’. साखर कारखान्याला हा शब्द चपखल बसतो.

विमा कंपनीपाशी मात्र थांबावं लागतं, कारण तिथे हप्ता आधी येतो आणि दावा नंतर. 1 एप्रिलला तुम्ही गाडीच्या विम्याचे 12,000 रुपये भरलेत, तर रोकड त्याच दिवशी जमा. पण सप्टेंबरअखेर त्यातले 6,000च कंपनीनं कमावलेले असतात. बाकीचा ‘अनर्जित हप्ता’. शिवाय अपघातात तिसऱ्याच माणसाला इजा झाली, तर तो दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालतो. यंत्रं-इमारतींचा खर्च या धंद्यात किरकोळ, त्यामुळे नुसती वजाबाकी केली की ही सगळी बांधलेली रक्कम मोकळी दिसते. धंदा वाढतोय तोवर आकडा फुगतो. नवे हप्ते आटले आणि जुने दावे भागवायचे राहिले, की तीच ओळ उणे होते.

वॉरन बफे या पैशाला ‘फ्लोट’ म्हणतात : आपल्या हाती असलेला, पण आपला नसलेला पैसा. त्यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीनं 1967मध्ये नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी घेतली. बर्कशायरचा फ्लोट 1970मध्ये 3.9 कोटी डॉलर होता, 2010मध्ये सुमारे 6,583 कोटी. याला ‘गंगाजळी’ म्हणायचा मोह होतो, तो टाळा. गंगाजळी स्वतःची, अडीअडचणीसाठी राखलेली असते; हा पैसा विमेदारांच्या दाव्यांना बांधलेला. मी तरी ‘फ्लोट’च ठेवीन.

आयुर्विम्यात आणखी एक वळण आहे. नव्या पॉलिसीचं पहिल्या वर्षीचं कमिशन, खर्च आणि बाजूला काढायची तरतूद मिळून बहुधा पहिल्या हप्त्याहून जास्त होतात. म्हणजे रोकड आलेली दिसते, सुटत काहीच नाही. त्यातून आपल्याकडे विमा नियामकाची अट आहे, सॉल्व्हन्सी गुणोत्तर, म्हणजे देणी भागवण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाच्या किती पट भांडवल हाताशी आहे तो आकडा, किमान 1.5 हवं. तेवढं भांडवल राखून जे उरेल, त्यालाच मोकळं म्हणता येतं.

तेव्हा तक्त्याचा मथळा ‘वर्षागणिक मोकळी रोकड’ असा करा. अहवालात भागधारकांना वाटता येईल एवढीच रक्कम धरली असेल, तर ‘भागधारकांना देण्याजोगी मोकळी रोकड’. हप्त्यांची सगळी जमा धरली असेल, तर ‘मोकळी’ हा शब्द गाळून नुसतं ‘वर्षागणिक निव्वळ रोख आवक’ लिहा.