‘मॅडम, खरंच तसं आहे, की मलाच वाटतं?’

भेदभावाच्या शंकेतून आलेला हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे, की आता समोरच्याने अर्धं वाक्य बोललं तरी मला पुढचं कळतं. हिंजवडीतल्या कंपनीत दर अप्रेझलला ‘कम्युनिकेशन सुधारा’ एवढंच ऐकणारी परभणीची मुलगी असते. एक मुस्लिम प्राध्यापक असतात. ते नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असतो, नाव सांगितलं की तिथे मालकाचा भाचा राहायला येणार असतो. एमडी करणारी आदिवासी डॉक्टर असते, तिच्यावर केस प्रेझेंट करायची पाळीच येत नाही. आणि सगळ्यात जास्त येतात ती इंजिनिअरिंगची मुलं. तीही ॲडमिशनच्या दिवसांत नाही, प्रोजेक्टचे ग्रुप पडतात तेव्हा.

त्यांच्यातल्या एकाबद्दल लिहिते. त्याला सुमेध म्हणू. नाव, गाव बदललं आहे, आणि आणखी एक-दोन मुलांचे तपशील त्यात मिसळले आहेत. हिंगोली जिल्ह्यातला, वडील एसटीत कंडक्टर, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. तक्रार काय, तर ‘एकाग्रता होत नाही’. झोप उडालेली, दोन विषय राहिलेले.

जातीचा विषय लगेच निघाला नाही. निघाला तो असा: “मॅडम, मागच्या आठवड्यात आलो होतो. खाली तुमची पाटी वाचली आणि जिन्यातूनच परत गेलो.” माझ्या आडनावावरून माझी जात महाराष्ट्रात कुणालाही कळते. “तुम्हाला यातलं कळेल का?”

“भोगून कळणार नाही. तू सांगशील तेवढं कळेल. चुकलं तर मला टोक.”

अशा वेळी ‘मी जातपात मानत नाही’ म्हणायचा मोह बऱ्याच समुपदेशकांना होतो. तो टाळावा. समोरचा आपल्या पुरोगामीपणाचं सर्टिफिकेट बघायला आलेला नसतो. आणि हे एकदा म्हणून टाकलं की त्याने बोलायचं काय उरतं?

मग सुमेध बोलला. पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर ‘सीईटीला किती पर्सेंटाईल?’ हा प्रश्न आला. नवख्याला तो साधा वाटतो. पण उत्तर ऐकलं की विचारणारा मोबाईलवर कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची यादी उघडतो आणि नावापुढचा सीटचा कोड बघतो. ‘जीओपीईएनएस’ (खुली जागा) की ‘जीएससीएस’ (अनुसूचित जातीची जागा), एवढंच त्याला बघायचं असतं. मग ऑफिसची खिडकी. तिथला क्लार्क भर रांगेत ओरडतो, “एस्सी स्कॉलरशिपवाले या बाजूला!” त्यात क्लार्कच्या मनात काही वाईट असेलच असं नाही, फॉर्म वेगळे असतात म्हणून तो ओरडतो. पण रांगेतून बाजूला होताना पाठीवर किती डोळे असतात, हे बाजूला होणाऱ्यालाच माहीत.

या सगळ्यावर तो फार बोलला नाही. बोलला ते प्रोजेक्टच्या ग्रुपवर. पुन्हा पुन्हा तेच.

“मी वर्गातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, ग्रुप फुल्ल झाला रे. चौघांचा ग्रुप असतो मॅडम, आणि तेव्हा ते तिघंच होते. चौथा दुसऱ्या दिवशी आला.”

“मग?”

“पण चौथ्याला आधी शब्द दिला असेल, असंही असेल ना?”

“असेल.”

“पण पहिल्या वर्षी यानेच माझा पर्सेंटाईल विचारला होता.”

“हो.”

“पण विचारला तर सगळ्यांनाच होता.”

हे असं रोज रात्री दोन-अडीचपर्यंत चालायचं. डोक्यात कोर्ट भरलेलं, आणि फिर्यादी, आरोपी, दोन्हीकडचे वकील नि न्यायाधीश सगळे तोच. निकाल लागत नाही, तारीख पडते. सकाळी लेक्चर असतं.

त्याने दोघांना विचारूनही पाहिलं होतं. रूममेट म्हणाला, “असं काही नसतं रे, तू जास्त विचार करतोस.” गावाकडचा सीनियर म्हणाला, “सगळे तसलेच असतात, आतापर्यंत कळलं नाही तुला?” पहिल्याचं ऐकलं तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याचं ऐकलं तर वर्गातल्या कुणावरच ठेवायचा नाही. दोघांनी प्रेमानेच सांगितलं होतं. त्याची झोप मात्र दोघांपैकी कुणामुळे परत आली नाही.

मी म्हटलं, “सुमेध, आपण असं करू. तुला वाटतं ते खरं आहे असं धरू. पूर्ण खरं. जातीमुळेच घेतलं नाही त्यांनी. मी पुरावा मागणार नाही, वाद घालणार नाही. आता पुढे बोल.”

तो बघतच राहिला. “खरं धरायचं?”

“धरायचं.”

बराच वेळ तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. मी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य आहे, आणि ते मला येतं असं मी म्हणेन. तोवर सगळं जपून, प्रमाण मराठीत बोलणारा तो मुलगा मग एकदम म्हणाला, “मंग त्यायच्या ग्रुपमधी जायचंच कशाला मला?” आणि हसला. थोड्या वेळाने पुढचं आलं, आणि ते त्याचं त्यालाच सुचलं: “आणि खरं नसलं, तरी ग्रुप तर पायजेच. दुसरा बघावाच लागंल.”

म्हणजे निकाल कसाही लागला, तरी उद्या सकाळी करायचं काम एकच होतं. त्या कामासाठी निकालाची गरजच नव्हती.

माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. या पद्धतीवर नेहमीचा आक्षेप असा, की ती माणसाला सांगते, ‘घटनेत काही नाही, तुझ्या विचारातच खोट आहे’, आणि अन्याय झालेल्याला असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अर्धवट शिकून वापरली तर आक्षेप खराच आहे. पण एलिस यांचा उत्तम धडा नेमका उलटा आहे: घटनेवर वाद घालू नका, वाईटात वाईट आहे तेच खरं धरा आणि तिथून पुढे चला. भेदभावाच्या बाबतीत मला यासारखं दुसरं काही सापडलेलं नाही. कारण इथे समोरच्याच्या शंकेला ‘चुकीचा विचार’ म्हणण्याचा अधिकार मला नाहीच. ती शंका बहुतेक वेळा बरोबर असू शकते.

त्याला मी एक अभ्यास सांगितला. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना साडेचार हजारांहून जास्त अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखे, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. सुमेध लगेच म्हणाला, “म्हणजे आहेच ना मॅडम!” आहेच. पण मला त्याला दुसरी गोष्ट दाखवायची होती. एवढी मोठी गोष्ट सिद्ध करायला दोन संशोधकांना हजारो अर्ज लागले. त्यातला एकच अर्ज उचलून ‘हा नावामुळे नाकारला का?’ असं विचारलं, तर त्यांनाही सांगता येणार नाही. मग तू एकट्याने, एका ‘फुल्ल झाला रे’वरून, रात्री दोन वाजता ते कसं ठरवणार?

शंका खरी असणं आणि एकेका प्रसंगाचा निकाल न लागणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. माझ्याकडे येणाऱ्यांना हे पटलं की त्यांचे खांदे खाली येतात. दोष आपल्या बुद्धीत नव्हता, प्रश्नच तसा होता, हे त्यांना कळतं.

“मग मी दोन महिने वेडेपणा केला?” त्याने विचारलं. नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती, त्याच्या घरात सावध राहायला शिकवलं जातंच. त्याला न्यूनगंड म्हणू नका. पालकांना आणि शिक्षकांनाही मी हे बजावते.

एक धागा मात्र पक्का कापावा लागला. ‘त्यांनी मला घेतलं नाही’ इथून ‘मी घेण्यासारखा नाही’ इथे तो कधी पोचला, त्याचं त्याला कळलं नव्हतं. पहिलं वाक्य जगाबद्दल आहे, ते खरं असू शकतं. दुसरं त्याने स्वतःच जोडलेलं. त्यावर आम्ही बराच काळ घासाघीस केली, ती इथे सांगत नाही.

कौतुकाचंही तेच झालं होतं, आणि याकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी पूर्ण नाव विचारलं, दोन सोपे प्रश्न विचारले आणि ‘छान’ म्हणाले. सुमेध ते ‘छान’ घरी घेऊन जाऊ शकला नाही. खरंच छान, की ‘यांच्या मानाने’ छान? जेनिफर क्रॉकर, ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पलीकडच्या खोलीतून गोरा विद्यार्थी त्यांच्याबद्दल अभिप्राय देई. मधल्या खिडकीचा पडदा कधी उघडा, कधी बंद. आपण कोण हे पलीकडच्याला दिसतंय असं माहीत असताना मिळालेल्या चांगल्या अभिप्रायाने या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान वाढला नाही, उलट घटला. शंका टोचते ती अशी, शाबासकीतूनही. सुमेधला म्हटलं, सरांना भेट आणि विचार, “सर, नेमकं कुठे सुधारू?” सरांनी कोडमधल्या चार चुका काढल्या. तो खूश होऊन आला.

ग्रुप त्याला मिळाला. नापास होऊन मागे राहिलेला एक जण आणि जळगावची एक मुलगी, तिघांनी सरांकडून परवानगी काढली. पहिल्या ग्रुपने त्याला का घेतलं नाही, हे त्याला अजून माहीत नाही. मलाही नाही.

असाच प्रश्न मनात असलेल्यांना माझं सांगणं: प्रसंग लिहून ठेवा, पण घडलं तेवढंच. तारीख, जागा, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं. ‘का’चा रकाना ठेवूच नका. एका प्रसंगातून काही दिसणार नाही, पण सहा महिन्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर ते दिसेल, आणि तक्रार करायची वेळ आली तर ही वहीच कामाला येईल. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपल्या कॉलेजात तो कोण आहे, हे गरज पडण्याआधीच शोधा. आणि कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर तिथे ‘मुद्दाम की सहज’ हा खल करू नका. त्यासाठी १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, समुपदेशकाची खोली नाही. तिसरी गोष्ट, एक तरी माणूस असा जोडा, जो ऐकून घेईल आणि निकाल देणार नाही. वसतिगृहातला सीनियर, जयंती मंडळातली ताई, कुणीही.

शिक्षकांनो आणि एचआरवाल्यांनो, तुमच्या मनात काय आहे हे मी विचारत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा मुलं जवळपास बरोबरीने होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मागास जातीच्या मुलांची कामगिरी ठळक घसरली. कुणी त्यांना एक वाईट शब्दही बोललं नव्हतं. तेव्हा स्कॉलरशिपवाल्यांना अर्ज क्रमांकाने बोलवा. व्हायव्हात हजेरी क्रमांक पुरतो, पूर्ण नाव लागत नाही. प्रोजेक्टचे ग्रुप मुलांवर सोडू नका, चिठ्ठ्या टाका. अप्रेझलमध्ये ‘कम्युनिकेशन’ लिहायचं असेल तर कुठल्या मीटिंगमध्ये काय कमी पडलं, तेही लिहा.

झोप, जेवण, हजेरी यांपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि जात विचारत नाहीत.