शेल्फ भरण्याआधी स्वयंपाकघरं बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या किराणा दुकानासाठीची मालाची यादी वाचली. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुलं, जाडे आणि पातळ पोहे, कुरडया, तीन प्रकारची लोणची. किती मनापासून केली आहेस ते ओळीओळीत दिसतं. पण ती एकाच स्वयंपाकघराची यादी आहे, आणि एका स्वयंपाकघरावर ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या दुकानाचं भाडं निघत नाही. मी न्यू जर्सीत याच धंद्यात केस पांढरे केले, म्हणून हे आधीच सांगतो.

तुझ्या भागातली मराठी घरं येतील, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर नक्कीच येतील. पण एरवी, ऑफिस सुटल्यावर मुलाला कडेवर घेऊन घाईघाईने आत शिरणारं गिऱ्हाईक तेलुगू असेल, तमिळ असेल, गुजराती किंवा पंजाबी असेल. त्याच्या मागे कोण उभं असेल हेही बघ. भूतानमधून हाकलली गेलेली आणि नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिलेली नेपाळीभाषक कुटुंबं 2008 पासून अमेरिकेत येऊ लागली. त्यांची या देशातली सर्वांत मोठ्यांपैकी एक वस्ती कोलंबसमध्ये आहे. सोमाली लोकांचंही तेच. ही माणसं तांदूळ, डाळ, जिरं, वेलची, बकऱ्याचं मटण दर आठवड्याला घेतात आणि मोठ्या पिशव्यांनी घेतात. नेपाळी घराला च्युरा लागतो, म्हणजे आपल्या पोह्यांचा भाऊ. पालेभाजी आंबवून आणि वाळवून केलेला गुंद्रुक लागतो, आणि तिमूर, जे आपल्या तिरफळाच्याच कुळातलं आहे. सोमाली घरात हवाश नावाचा मसाला करतात, त्याला जिरं, धने, मिरी, वेलची, दालचिनी हे सगळं तुझ्याकडचंच लागतं. तेव्हा तुझ्या दुकानातल्या निम्म्या मालाला हे गिऱ्हाईक आहेच, फक्त ते आत आल्यावर त्याला आपण इथे परके नाही असं वाटलं पाहिजे.

मोर्स रोडवर सारागा इंटरनॅशनल ग्रोसरी आहे. तिथे एक अख्खा शनिवार घालव. काही विकत घ्यायचं नाही, फक्त लोकांच्या ट्रॉल्यांमध्ये बघायचं: कोण काय उचलतं, कोण कुठल्या रॅकसमोर थांबतं आणि काय न घेताच पुढे जातं. न घेता पुढे गेलेल्या वस्तू वहीत लिही. तुझी दुसरी यादी तिथून सुरू होईल.

आज मोठी झालेली दुकानं कुठून निघाली ते बघितलंस तर हे पटेल. 99 रँच मार्केट हे आशियाई किराणा दुकान 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरला सुरू झालं. काढणारा माणूस तैवानचा, वस्ती व्हिएतनामी निर्वासितांची. त्याने शेजाऱ्यांना लागणारा माल ठेवला. त्याहून मला जवळची वाटते ती सिएटलच्या उवाजिमाया या जपानी किराणा दुकानाची गोष्ट. फुजिमात्सु मोरिगुची 1928 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाला ट्रकमधून माशांच्या वड्या विकायचे, लाकूडतोडीच्या आणि मासेमारीच्या ठिकाणी राबणाऱ्या जपानी मजुरांना. मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांना छावण्यांत कोंडलं, मोरिगुची कुटुंब ट्यूली लेकच्या छावणीत गेलं. सुटल्यावर त्यांनी सिएटलमध्ये पुन्हा पहिल्यापासून दुकान मांडलं. 1962 च्या सिएटल जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक स्टॉल लावला, तेव्हा जपानी नसलेले लोकही आपला माल आवडीने घेतात हे त्या घराला कळलं, आणि पुढचं दुकान त्यांनी सगळ्यांसाठी बांधलं. सगळं गमावलेल्या घराने शेजाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता भाजी. यावर मी लांबण लावणार आहे, कारण दुकान ताज्या भाजीवर उभं राहतं किंवा बसतं. तांदळाची पिशवी कुठेही मिळते, मोठी साखळी दुकानं ती तुझ्या खरेदीच्या भावातही विकतील. त्या भावाशी झुंजत बसू नकोस. पण तोंडली, गवार, दुधी, कारली, मेथी, कढीपत्ता चांगला मिळतो असं नाव एकदा झालं, की माणूस पंचवीस मैलांवरून येतो आणि तांदूळही तुझ्याकडूनच उचलतो.

ही भाजी फ्लोरिडा, मेक्सिको, डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरासहून येते. ओहायोपर्यंत पोचताना तिचे दोन-तीन दिवस रस्त्यातच जातात. म्हणून गाडी गुरुवारी मागव, शनिवार-रविवारी ती संपली पाहिजे. गाडी आली की सही करण्याआधी खोकी उघड. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. कोथिंबिरीची जुडी वरून हिरवीगार दिसते, रबर काढून मधोमध बघ, सड तिथे सुरू होते. तोंडलं आडवं काप, आत लाल दिसलं तर ते पिकलंय, खोकं परत. भेंडीचं टोक मोडून बघ, दुधीला नख लाव. पहिल्या दोन-तीन वेळा खोकी परत गेली की होलसेलर समजून जातो आणि तुझ्या वाट्याला बरा माल लावायला लागतो. कधीच परत केलं नाहीस तर सगळ्या गावाचा उरलेला माल तुझ्याकडे येईल.

कढीपत्त्याबाबत फार जपून राहा. सिट्रस सिलिड नावाचा बारीक किडा कढीपत्त्याच्या झाडावर राहतो आणि संत्र्या-मोसंबीच्या झाडांना ग्रीनिंगचा रोग लावतो. फ्लोरिडाच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे या पानांच्या ने-आणीवर कडक नियम आहेत. कोणी ओळखीचा ‘घरचा आहे, घ्या स्वस्तात’ म्हणून पिशवी आणून देईल, घेऊ नकोस. ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्याकडूनच घे आणि ते कागद फाइलला लावून ठेव.

रोज रात्री दुकान बंद करताना भाजी निवड आणि टाकून दिलेली भाजी वजन करून वहीत लिही. नुसतं ‘थोडी खराब झाली’ असं लिहून चालत नाही, पौंडात लिही. काही आठवड्यांनी ती वही तुला सांगेल की मेथी किती मागवायची आणि शेवग्याच्या शेंगा कुठल्या महिन्यात मागवायच्याच नाहीत. सल्ला देणारी इतकी खरी वस्तू दुकानात दुसरी नसते.

हापूसही विकायचा असेल, तो विकच. भारतीय आंब्यांना अमेरिकेचं दार 2007 मध्ये उघडलं, ते आंब्यावर विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, करण्याच्या अटीवर. नाशिकजवळ लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे केंद्र आहे, मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेलं. पहिले आंबे तिथून विकिरण होऊन निघाले. आंबा विमानाने येतो, म्हणून पेटी महाग पडते आणि पिकायला लागली की कोणासाठी थांबत नाही. आगाऊ नोंदणी आणि आगाऊ पैसे घेतल्याशिवाय एकही पेटी मागवू नकोस. विकिरण म्हणजे काय असं कोणी विचारलं तर नीट समजावून सांग: त्यामुळे फळातली कीड पुढे वाढत नाही, फळ किरणोत्सारी होत नाही. लोकांना भीती वाटते, आणि त्यांना उत्तर मिळायला हवं.

काट्याकडे वळतो. ओहायोत वजनकाटे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑडिटरच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावे लागतात आणि तपासल्याचं स्टिकर काट्यावर लागतं. ते गिऱ्हाइकाला दिसेल अशा बाजूला असू दे. डब्याचं वजन आधी वजा कर. मिठाई विकतेस तेव्हा डबा मिठाईच्या भावाने विकला जाऊ नये.

लेबलं वाचायची सवय लाव, स्वतःला आणि काउंटरवरच्या मुलांनाही. हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. ज्याला गहू चालत नाही अशा माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि तो डाळीला फोडणी घालून आजारी पडतो. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळही ॲलर्जीच्या मुख्य पदार्थांत धरतात, म्हणजे तिळाच्या वड्या, चिक्की, तीळ घातलेले मसाले, सगळ्यांवर ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. तारखांचं तर विचारू नकोस. भारतातल्या पाकिटावर 05/08 म्हणजे पाच ऑगस्ट, इथला माणूस ते आठ मे वाचतो. अशा पाकिटांच्या रॅकवर तारीख महिन्याच्या नावासकट लिहून लाव. आणि मुदत संपलेलं पाकीट त्याच दिवशी रॅकवरून उतरव, ‘अजून चांगलं आहे’ म्हणत मागच्या खोलीत ठेवू नकोस.

मोहरीच्या तेलाबद्दल नेपाळी आणि बंगाली गिऱ्हाईक रोज विचारेल. त्यातल्या इरुसिक आम्लामुळे इथे ते खाद्यतेल म्हणून विकता येत नाही, बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेलं असतं. लोक घरी काय करतात ते तुला माहीत असेल, मलाही माहीत आहे. पण काउंटरवरून ‘खायला चालतं’ हे शब्द तुझ्या किंवा तुझ्या माणसाच्या तोंडून जाता कामा नयेत.

कर सोपा आहे. घरी नेऊन खायच्या जिनसांवर ओहायोत विक्रीकर नाही, पण शीतपेयं, अगरबत्ती, स्टीलची भांडी यांवर आहे, तेव्हा मशीनमध्ये पहिल्याच दिवशी वेगळं करून ठेव. एसएनएपीचं, म्हणजे सरकारी अन्न-मदतीचं, कार्ड दुकानात स्वीकारता यावं म्हणून अर्ज नक्की कर, काटकसरीने घर चालवणारी पुष्कळ कुटुंबं त्यावर आटा-डाळ घेतात. त्या कार्डावर गरम समोसा देता येत नाही, हेही काउंटरवर माहीत असू दे. पुढ्यातल्या बाईला रांगेत सगळ्यांसमोर ‘हे चालत नाही’ असं ऐकावं लागू नये, आधीच हळू आवाजात सांगायचं.

आता एक अवघड गोष्ट. 20 जुलै 2023 ला भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बातमी आली आणि इथल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीसाठी रांगा लागल्या. माणसं सात-आठ पिशव्या गाडीत भरत होती. अनेक दुकानांनी कुटुंबामागे पिशव्यांची मर्यादा घातली, काहींनी त्याच पिशवीचा भाव वाढवला. पिशवी आधीच्या दरात घेतलेली, गोदामात पडलेली, तिचा भाव एका संध्याकाळीत वाढवायला काय कारण होतं? बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली, पण कोणत्या दुकानाने त्या संध्याकाळी काय केलं ते लोक आजही सांगतात. तुझ्यावर अशी संध्याकाळ येईल. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं तेव्हाही अशीच धास्ती होती. नवा माल महाग आला तर भाव वाढव, आणि का वाढला ते पाटीवर लिही. जुन्या मालाचा भाव वाढवू नकोस. मर्यादा घाल, आणि ती स्वतःच्या नातलगांनाही लाव. म्हातारी माणसं, दुसऱ्या बसने येणारी माणसं उशिरा पोचतात, त्यांच्यासाठी थोडा माल मागे राखून ठेव. सगळा माल एकाच देशातून आणू नकोस, हाही त्यातला भाग आहे. मसूर कॅनडाचा चांगला येतो, काबुली चणे तर इथेच वॉशिंग्टन आणि मोंटानात पिकतात.

माणसांबद्दल दोनच गोष्टी. तुझा भाऊ एच-1बीवर, म्हणजे ठरलेल्या मालकाकडेच काम करण्याच्या व्हिसावर आहे, शनिवारी काउंटरला बसेन म्हणतो. बिनपगारी असला तरी त्याला बसू देऊ नकोस, त्याच्या व्हिसावर बेतेल. विद्यापीठातली, विद्यार्थी व्हिसावरची पोरं रोख पैशांवर काम मागायला येतील, गरजू असतील, तुला कणव येईल. त्यांनाही नाही म्हण. जेवू घाल, पिशवीत भाजी घालून दे, पण कामाला ठेवू नकोस, कारण पकडलं गेलं तर त्या पोराचं शिक्षण जातं.

जागेचे फोटो पाहिले. पार्किंग चांगलं आहे, बसथांबा समोर आहे ते त्याहून चांगलं. पण लीजचा मसुदा नीट वाच. छत आणि एसी कोणाकडे हे त्यात आहे, वॉक-इन कूलर बिघडला तर दुरुस्ती कोणाची हे कुठेच नाही, आणि जुलैत तो एक रात्र बंद पडला तर आठवड्याची सगळी भाजी जाते. घरमालकाकडून ते लिहून घे, कूलरवाल्याला बोलावून कॉम्प्रेसर तपास, आणि मगच सही कर. मसुदा मला पुन्हा पाठव, मी रविवारी सकाळी फोन करतो.

तुझा,
काका